जहाजावरचं जेवण आणि तिसरा आग्रह

नांदेड
६ मार्च २०१६

ती. दादा व सौ. वहिनी यांस,
सिंधुचा स. जयभीम वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुमच्याकडची खुशाली पेपरातून कळते, आणि पेपर काही बरं लिहीत नाही. परवा उदगीरच्या टँकरचा फोटो छापला होता. त्यात पिवळी घागर घेतलेली एक बाई हुबेहूब वहिनींसारखी दिसली. मी चष्म्यावर भिंग धरून पाहिलं. शेषेराव म्हणाले की वहिनी असत्या तर रांगेत पहिल्या असत्या आणि फोटोवाल्यालाच घागर धरायला लावली असती. तेही खरंच. पण मनाला घोर लागला तो लागलाच.

फोनवर विचारलं असतं, पण तुझा नियम मला पाठ आहे. फोन फक्त मयतीचा आणि रिझल्टचा, बाकी सगळं पत्रानं. जन्मभर पोस्टमास्तर राहिलेल्या भावाला यावरून बोलायची माझी टाप नाही.

तर पत्रास कारण की, तुम्ही दोघं उन्हाळाभर इकडे राहायला या. उत्पला सिंगापूरला नोकरीला गेल्यापासून आमची वरची खोली रिकामी आहे. नळ आमच्याकडेही रोज येत नाही, पण येतो तेव्हा घरातच येतो, त्याच्यामागं पळावं लागत नाही. वहिनींच्या गुडघ्यांना तेवढाच आराम.

दुसरी बातमी ऐकून हसू नको. उत्पला आता आईबापाला जहाजावर नेणार आहे. सिंगापूरहून निघायचं, मलेशिया-थायलंडची बंदरं पाहून परत. मी जन्मभर वॉर्डात रात्रपाळ्या केल्या, यांनी हदगावच्या डेपोतून एस.टी. गाड्या सोडल्या, आता म्हणे आमची बसायची पाळी. संध्याकाळच्या जेवणाबद्दल तर तिनं एवढ्या सूचना धाडल्यात की नर्सिंगच्या परीक्षेलाही मला एवढा अभ्यास नव्हता. जेवण दोन पाळ्यांत असतं, आमची पहिली. टेबल ठरलेलं, वाढणारा माणूसही ठरलेला, रोज तोच. अर्ध्या चड्डीवर आत सोडत नाहीत. एका रात्री तर सगळ्यांनी सूटबूट घालून यायचं असतं. शेषेरावांनी लग्नातला कोट पेटीतून काढून पाहिला. तो आता त्यांच्या एका खांद्याला बसतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही परत येऊ. तुम्ही त्याच्या आधी आलात तरी किल्ली शेजारी नीलम्माकडे आहे. लोभ आहेच. विहिरी आटल्या तरी तो आटणार नाही, एवढं पाहावं.

तुझी
सिंधु

•

उदगीर
१५ मार्च २०१६

चि. सौ. सिंधु हिस,
लिंबाजीचे अ. उ. आशीर्वाद. शेषेराव पाहुण्यांस स. जयभीम.

तुझे दि. ६ चे पत्र मिळाले. मजकूर समजला.

राहायला येण्याबाबत: नको. उगाच तुम्हाला तकलीफ. शिवाय उदगीर जिल्हा कोणत्याही क्षणी जाहीर होईल अशी परिस्थिती आहे. कृती समितीत माझे नाव आहे आणि मंडपात रोज बसावे लागते. जिल्हा जाहीर झाला आणि त्या वेळी मी नांदेडला तुझ्या हातच्या भाकरी मोडत बसलो होतो, असे व्हायला नको. लातूर उस्मानाबादेतून वेगळा होऊन नवा जिल्हा झाला तेव्हा मी नेमका गोवर निघून घरी पडलो होतो आणि नव्या जिल्ह्याच्या नावाचा पहिला शिक्का दुसऱ्याने मारला. ती सल अजून गेलेली नाही. शिवाय चौदा एप्रिलला बाबासाहेबांची सव्वाशेवी जयंती आहे, ती टाकून कुठे यायचे? पाण्याचे म्हणशील तर टँकर येतो. कधी येतो ते विचारू नको.

जहाजावर जाते आहेस, आनंद आहे. पण तिथे आबांचा कायदा विसरू नको. तू लहान होतीस, तुला त्यामागचे माहीत नसेल म्हणून लिहितो. आपले आबा लहानपणी लग्नघरांच्या मागे, पंगत उठायची वाट बघत फडके घेऊन उभे राहिलेले होते. उरलेले फडक्यात पडायचे. नागपूरला दीक्षा घेऊन आले त्या संध्याकाळी त्यांनी ते फडके चुलीत घातले आणि आईला सांगितले की यापुढे या घरातला माणूस कुणी एकदा बोलावले म्हणून ताटावर बसणार नाही. एकदा विचारणे म्हणजे रीत, दोनदा विचारणे म्हणजे शिष्टाचार, तिसऱ्यांदा विचारले तर त्याला खरोखर आपण हवे आहोत. तेव्हा बसायचे, आणि मग पोटभर जेवायचे. मी आजतागायत हा कायदा मोडलेला नाही. तिथे साहेबलोक वाढणार आहेत, तर तू जास्तच सांभाळ. हपापलेली दिसू नकोस.

तुझी वहिनी बाजूला बसून विचारते आहे की एवढ्या हजार माणसांची भांडी ते लोक कुठल्या पाण्याने घासतात, कारण समुद्राच्या पाण्याने तर भांडे चिकटच राहील. तिला सविस्तर कळव, नाहीतर ती मला झोपू देणार नाही.

लोभ पोस्टाच्या पेटीसारखा असावा, उन्हातान्हात जागेवर उभा.

तुझा दादा
लिंबाजी

•

जहाजावरून, पेनांग बंदर यायच्या आधी
३ एप्रिल २०१६

ती. दादा व सौ. वहिनी यांस,
सिंधुचा स. जयभीम वि. वि.

दादा, तुझ्या पत्रानं परवा आम्हाला उपाशी झोपवलं. आधी ते ऐक, मग खुशाली.

पहिल्या संध्याकाळी उत्पलाला समुद्र लागला. ती बिचारी खोलीत बादली धरून पडली आणि आम्हा दोघांनाच जेवायला पाठवलं. जेवणाचा हॉल म्हणजे आपल्याकडच्या तीन मंगल कार्यालयांएवढा. वर झुंबरं, खाली गालिचा, आणि सगळे इतकं हळू बोलतात की जेवायला बसलेत का मयतीला, कळेना. रोमेल नावाचा फिलिपिन्सचा एक हसरा माणूस आमच्या टेबलाचा. त्यानं माझी खुर्ची ओढली, मी बसताना पुन्हा आत सारली, आणि पांढरं शुभ्र कापड झटकून माझ्या मांडीवर अंथरलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावर चादरी टाकल्या. माझ्या मांडीवर कुणी कापड अंथरायची ही पहिलीच वेळ. समोर काटे, सुऱ्या, चमचे असे ओळीनं मांडलेले की ऑपरेशनचा ट्रेच वाटला. पेशंट कोण तेवढं कळेना.

तर त्यानं पावाची टोपली पुढं केली. मी हसून नको म्हटलं. मनात म्हटलं, एकदा झालं. आता तो पुन्हा विचारील म्हणून आम्ही हात मांडीवर ठेवून बसलो. त्यानं टोपली उचलली आणि गेला! मग सूप घेणार का म्हणून आला. यांनी नको म्हटलं. गेला! मग मुख्य जेवणाचं विचारायला आला. कार्डावर मटण होतं. यांनी ते वाचलं होतं, बोट ठेवून वाचलं होतं. तरी नको म्हणाले, कारण तुझं पत्र कोटाच्या खिशात होतं. शेजारच्या टेबलावर तेच मटण उतरलं तेव्हा यांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तशा नजरेनं माझ्याकडे लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

शेवटी रोमेलला वाटलं, यांनाही समुद्र लागला. त्यानं दोन हिरवी सफरचंदं आणि खारी बिस्किटं आणून ठेवली आणि यांच्या खांद्यावर थोपटलं. हे त्यानं न विचारताच ठेवल्यामुळं तुझ्या कायद्यात कुठं बसतं ते आम्हाला ठरवता येईना. मग सफरचंदं पदराखाली घेऊन खोलीत आलो आणि नेलेली धपाटी शेंगाच्या चटणीबरोबर खाल्ली. एवढ्या झगमगाटाच्या जहाजात आम्ही दोघं पलंगावर पेपर पसरून जेवत होतो.

दुसऱ्या दिवशी उत्पला बरी झाली. हे ऐकून आधी पोट धरून हसली, मग रागावली. म्हणाली की इथं एकदाच विचारतात, आणि आपण नको म्हटलं तर ते खरं मानतात. पुन्हापुन्हा विचारलं तर तुमच्या शब्दाला किंमत दिली नाही असं होतं. तिनं रोमेललाही आपली रीत समजावून सांगितली. तो चाटच पडला आणि कितीतरी वेळा माफी मागून गेला.

संध्याकाळी त्यानं मला यांच्याही आधी विचारलं, सूप देऊ का. दादा, मी हो म्हटलं. पहिल्याच खेपेला. म्हणताना जीभ अडखळली, आणि सूप समोर आल्यावर मला एकदम रडू आलं. आबांचं ते फडकं डोळ्यांसमोर होतं आणि समोर वाफाळतं सूप. यांनी घाबरून विचारलं की तिखट आहे का.

हे मात्र कायद्याला धरून राहिले. म्हणून रोमेल आता यांना मुद्दाम तीनदा विचारतो. एक बोट दाखवून एकदा, दोन बोटं दाखवून दोनदा, आणि तिसऱ्यांदा छातीवर हात ठेवून कमरेत वाकतो. मग हे मोठ्या मनानं मान हलवतात. काल शेजारच्या टेबलावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. मटण चांगलं होतं, पण रस्साच नव्हता. यांनी रस्सा मागितला तर वाटीत चमचाभर तपकिरी काहीतरी आलं. यांनी ते औषध समजून घेतलं.

वहिनी, भांडी मशीनमध्ये घासतात आणि जहाजावर समुद्राचंच पाणी गोडं करून घ्यायची सोय आहे. उरलेलं अन्न किती जातं ते लिहीत नाही, तुम्हाला झोप लागायची नाही. माझ्या पेल्यातलं पाणी घोटभर कमी झालं की रोमेल तो काठोकाठ भरतो. शेवटी मी पेल्यावर हात ठेवला. तुमची घागर आठवली.

म्हणून दादा, दुसऱ्यांदा विचारते. या ना नांदेडला. आणि या वेळी इथल्या रीतीनं उत्तर दे, हो तर हो, नको तर नको. उद्या पेनांगला उतरल्यावर पत्र पोस्टात टाकते, म्हणजे तुला परदेशी तिकीट मिळेल. लोभाला मात्र इथलं खारं वारं लागू देऊ नये.

तुझी
सिंधु

•

उदगीर
१६ एप्रिल २०१६

चि. सौ. सिंधु हिस,
लिंबाजीचे अ. उ. आशीर्वाद.

मलेशियाचे तिकीट उत्तम स्थितीत मिळाले. पोस्टमनने ते मंडपात सर्वांना दाखवून मग माझ्या हातात दिले. एरवी मी त्याला नियम दाखवला असता, पण परवाच जयंतीची मिरवणूक चांगली झाली होती म्हणून सोडून दिले.

मजकूर वाचून मात्र वाईट वाटले. आबांचा कायदा तू एका वाटी सुपासाठी समुद्रात बुडवलास. शेषेराव पाहुण्यांनी आमची लाज राखली. त्यांना माझा वेगळा जयभीम सांग. त्या रोमेलचा पत्ता असल्यास कळव, त्याला दोन ओळी लिहीन. असा आग्रह करणारा माणूस हल्ली आपल्याकडेही मिळत नाही.

येण्याबाबत: नको. सांगितले ना. लातूरला रेल्वेने पाणी आले ते तू वाचले असशीलच. आमच्याकडे रेल्वे स्टेशन आहे, पण पाणी आले नाही. उदगीर जिल्हा असता तर आमचीही स्वतंत्र गाडी आली असती, हे मी मंडपात मांडले. अशा वेळी मी जागा सोडणे बरे दिसत नाही.

परवा टँकरच्या गर्दीत तुझी वहिनी घागरीसकट पडली. किरकोळ आहे. गुडघा सुजला आहे इतकेच. तेव्हापासून मीच रांगेत उभा राहतो. बायका मला पुढे जाऊ देत नाहीत आणि मागेही राहू देत नाहीत.

जाता जाता, केवळ माहितीसाठी विचारतो. तुमच्या वरच्या खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे? जिन्याला धरायला कठडा आहे का? आणि घराजवळ टपालपेटी आहे की चौकापर्यंत जावे लागते? उत्तराची घाई नाही.

लोभ आहे. दोनदा नको म्हटल्याने तो कमी होत नसतो, हे तुला सांगायला नको.

तुझा दादा
लिंबाजी

•

नांदेड
२४ एप्रिल २०१६

ती. दादा व सौ. वहिनी यांस,
सिंधुचा स. जयभीम वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आम्ही सुखरूप पोचलो. शेषेराव अजून डुलत चालतात. म्हणतात की जहाज अंगातून उतरायला वेळ लागतो. मला वाटतं, जहाज नाही, तिथलं खाल्लेलं उतरलेलं नाही.

शेवटच्या रात्रीची गंमत सांगायची राहिली. जेवणाच्या मधेच दिवे मंद झाले, गाणं लागलं आणि सगळे वाढपी रांगेनं पांढरी कापडं डोक्यावर गरगर फिरवत हॉलभर नाचत निघाले. पाहुण्यांनीही आपापली कापडं फिरवायची असतात. शेषेरावांना ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं जहाजाला आग लागली आणि मदतीची खूण करतायत. उठून जीव खाऊन कापड फिरवायला लागले. सगळ्यात जोरात यांचंच. शिंप्याकडून सैल करून नेलेला तो लग्नातला कोट काखेत टरकन फाटला. रोमेलनं येऊन यांना मिठी मारली आणि तिसऱ्यांदा विचारून आइस्क्रीम वाढलं. निघताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आमच्याही. इतक्या दिवसांत एकच माणूस रोज आपल्याला काय आवडलं ते लक्षात ठेवतो, दुसऱ्या दिवशी न सांगता लिंबू आणून ठेवतो, याची सवय फार लवकर लागते.

आता तुझ्या नकाराबद्दल. दादा, मी जहाजावर एक गोष्ट शिकून आले. माणसानं नको म्हटलं तर ते नको मानायचं, त्यातच त्याचा मान. तू दोनदा स्पष्ट कळवलंस. आता मी तुला छळणार नाही. जिल्ह्याचं काम मोठं आहे, ते सोडून तू यावंस असा हट्ट धरणं बरोबर नाही, हे मला पटलं. वहिनींच्या गुडघ्यासाठी मलम आणि पट्टा पाठवते आहे, पट्टा रात्री काढून ठेवायला सांग.

वरच्या खोलीसाठी आमच्या दवाखान्यातल्या दोन नर्सताई बऱ्याच दिवसांपासून विचारत होत्या. तुमचं यायचं नाही म्हटल्यावर मी त्यांना मे महिन्याच्या मध्यात या म्हणून सांगणार आहे. अजून शब्द दिला नाही, पुढच्या आठवड्यात देईन. तू विचारलंस म्हणून कळवते, खिडकी पूर्वेला आहे, जिन्याला कठडा आहे, टपालपेटी कोपऱ्यावरच आहे. त्या दोघींनीही कठड्याचंच विचारलं होतं.

लोभ असावा, आणि जिल्हा झाला की आम्हाला पेढे पाठवावेत.

तुझी
सिंधु

•

उदगीर
२९ एप्रिल २०१६

चि. सौ. सिंधु हिस,
लिंबाजीचे अ. उ. आशीर्वाद.

तुझे दि. २४ चे पत्र मिळाले. मी ते दोनदा वाचले आणि तुझ्या वहिनीकडून एकदा वाचून घेतले. एक गंभीर बाब निदर्शनास आणत आहे.

सदर पत्राचे एक पान कमी आहे.

तू नेहमी मुख्य विषय पत्राच्या शेवटी लिहितेस. लहानपणापासूनची सवय आहे. शाळेत फी मागायची तीसुद्धा शेवटच्या ओळीत. या वेळी त्या जागी नर्सताई आहेत. पहिल्या पत्रात तू विचारलेस, जहाजावरच्या पत्रात विचारलेस, त्यावरून या पत्रातही काहीतरी विचारलेले असणार, हे उघड आहे. ते पान पाकिटात नाही. पोस्टात पान गहाळ होत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पाकीट चिकटवलेले आले आहे. याचा अर्थ ते तुझ्याकडेच कुठेतरी राहिले. ओट्यावर, गादीखाली, शेषेरावांच्या फाटक्या कोटाच्या खिशात, जिथे असेल तिथे शोधावे आणि परतीच्या टपालाने धाडावे. त्या नर्सताईंना तोपर्यंत शब्द देऊ नये. घाईत दिलेला शब्द मागे घेता येत नाही.

जिल्ह्याबाबत नवीन काही नाही. मंडपातली गर्दी उन्हामुळे थोडी कमी झाली आहे.

लोभ आहे. तो मागावा लागू नये, इतकीच अपेक्षा.

तुझा दादा
लिंबाजी

(याच पाकिटात घडी घातलेला वहीचा एक कागद)

वन्सबाई,
धुरपताचा जयभीम. साक्षरतेच्या वर्गात शिकले तेवढ्यावर लिवून राहिले, चुकलं माकलं समजून घ्या. ह्ये पाकीट चिकटवायला खळ आनायला गेले तवर ह्यो कागद आत सारते.

तुमचं पहिलं पत्र आलं त्याच रातीला ह्यायनी पत्र्याची पेटी भरून दारामागं ठेवली हाय. माझे दोन लुगडे त्यात गेले, आता रोज एकच धुऊन नेसते, अन् धुवायला पानी न्हाई. ह्यायचं रोज चालू हाय, तिसरं पत्र येऊ दे, तिसरं पत्र येऊ दे. तिसरं आलं, अन् त्यात नर्सा! लई वाईट तोंड झालं वन्सबाई. जेवले न्हाईत नीट.

मंडपात आता कोनी बसत न्हाई. ह्ये एकलेच असतात, कारन तिथं पंखा हाय. जिल्हा व्हायचा तवा व्हईल, माझा गुडघा तवर टिकतो का?

अन् एक सांगते, राग मानू नका. तुमी दादाला इचारलं, दादानं नको म्हनलं, पुन्हा इचारलं, पुन्हा नको म्हनलं. मला कोनी इचारलंच न्हाई. मला इचारलं असतं तर म्या पहिल्याच दमात हाव म्हनले असते. तुमच्या त्या सुपासारखं.

तुमची
धुरपता

•

नांदेड
४ मे २०१६

ती. दादास व माझ्या लाडक्या वहिनींस,
सिंधुचा स. जयभीम वि. वि.

दादा, पान सापडलं. तू म्हणतोस ते बरोबर, पोस्टाची काही चूक नव्हती. ते माझ्याच जवळ राहिलं होतं. शेषेराव म्हणतात की मी ते मुद्दाम ठेवून घेतलं. मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

तुझं पत्र मी यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. नर्सताईंपर्यंत आम्ही हसत होतो. लोभ मागावा लागू नये या ओळीवर मला पुढं वाचवेना, मग यांनी वाचलं. आबांनी फडकं जाळलं तेव्हा त्यांनी आपल्याला मागायचं नाही हे शिकवलं, ते बरोबरच होतं. पण दादा, मी तुझ्या पाठची. माझ्याकडे यायला तुला तीनदा कशाला लागावं? तरीही तुला लागत असेल तर मी तीनदा काय, जन्मभर विचारीन. मला त्यात कमीपणा नाही. मी जहाजावर लवकर हो म्हणायला शिकले, आणि परत येऊन विचारायचंच विसरले, एवढी माझी चूक पदरात घे.

हे ते हरवलेलं पान:

दादा, नांदेडला ये. तिसऱ्यांदा विचारते. छातीवर हात ठेवून, कमरेत वाकून विचारते. बुद्धपौर्णिमेची खीर या वर्षी एका पातेल्यात होऊ दे. तू नसलास तर वरची खोली रिकामी राहील, पण दुसऱ्या कुणाला देणार नाही. नर्सताईंना मी कालच नाही म्हणून सांगितलं.

आणि वहिनी, तुम्हाला वेगळं विचारते. हे आधीच विचारायला हवं होतं, तुमचं म्हणणं खरं आहे. एकदाच विचारते, कारण तुम्हाला एकदाच पुरेल. येता का?

लोभ तुमच्याकडे किती आहे ते पेटीवरून कळलं. पेटीसकट यावा.

तुमची
सिंधु

•

नांदेड, तुझ्या फाटकाशी
७ मे २०१६

चि. सौ. सिंधु हिस,
लिंबाजीचे अ. उ. आशीर्वाद.

दि. ४ चे पत्र, हरवलेल्या पानासह, काल दुपारी मिळाले. एवढा आग्रहच करतेस म्हणून येत आहे.

वास्तविक हे उत्तर आधी पोचायला हवे आणि आम्ही नंतर. पण तुझी वहिनी तुझी शेवटची ओळ वाचून हाव म्हणाली आणि उठून लुगड्याचा ओचा खोचून रिक्षाच बघायला लागली. पोस्टाला अवधीच मिळाला नाही. म्हणून हे कार्ड फाटकावर पेटी टेकवून लिहीत आहे आणि शेषेरावांच्या हाती आत पाठवत आहे. त्यांनी ते तुला द्यावे, तू वाचावेस, आणि मग बाहेर यावेस.

जिल्हा आमच्या मागे जाहीर झाला तर होऊ दे. मंडपाचा पंखा बंद करून आलो आहे.

सकाळपासून पोटात काही नाही. आत जेवायला बोलावशील तेव्हा एकदाच विचार.

तुझा दादा
लिंबाजी